बोराएवढा कंद

पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या बीच-मेपलच्या जंगलात एप्रिल महिना फार मोलाचा. बर्फ वितळून गेलेलं असतं, झाडांना पानं फुटायची असतात आणि ऊन थेट जमिनीवर उतरतं. मेच्या मध्यावर वर पानांची दाटी झाली की खाली सावलीच सावली. तेवढ्या मुदतीत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, पुढच्या वर्षाची शिदोरी मातीत साठवायची आणि जूनपर्यंत दिसेनासं व्हायचं, अशा बुटक्या फुलझाडांचं हे जंगल आहे. त्यांतली मला सर्वांत जवळची स्प्रिंग ब्यूटी, शास्त्रीय नाव क्लेटोनिया व्हर्जिनिका. उंची जेमतेम वीतभर, देठावर समोरासमोर दोन अरुंद पानं, पांढऱ्या पाच पाकळ्यांवर गुलाबी रेघा. आभाळ भरून आलं की फूल मिटतं, ऊन पडलं की उघडतं.

तिचा कंद खाता येतो. करड्या-तपकिरी सालीचा, आत पांढराशुभ्र, बहुतेक वेळा बोराएवढा. कच्चा कुरकुरीत लागतो, मिठाच्या पाण्यात उकडला की बटाट्याच्या जवळ जातो. अल्गोन्क्विन लोक तो शिजवून खात. पानंही खाण्याजोगी, किंचित रसदार. हे झाड पूर्वी आपल्या घोळीच्याच कुळात धरत, आता त्याचं कूळ वेगळं केलं आहे. पण पान चावलं की जुनं नातं जिभेला कळतं.

कंद काढणं हे हाताचं काम आहे. खुरप्यानं नुसतं उकरलं तर हाती देठ येतो आणि कंद खालीच राहतो, कारण मातीतला देठ दोऱ्याइतका बारीक असतो आणि सरळ खाली जातोच असं नाही. मी फूल बोटांत धरते आणि दुसऱ्या हातानं कुजलेल्या पानांचा थर बाजूला सारत देठाच्या मागे मागे जाते. चार-पाच बोटं खोल गेलं की कंद लागतो. देठ शेवटपर्यंत न तुटू देणं महत्त्वाचं, कारण हाती आलेला कंद कोणाचा, याचा तो एकच पुरावा. शेजारीच डायसेंट्राची दोन भावंडं उगवतात, डचमन्स ब्रीचेस आणि स्क्विरल कॉर्न. दुसऱ्याच्या मुळाशी मक्याच्या दाण्यांसारख्या पिवळ्या गाठी असतात, दिसायला मोहक. दोन्ही विषारी. चरणारी गुरं त्यांनी झोकांड्या खातात. म्हणून जंगलात फुलं नसताना मी कधीच खणत नाही आणि कोणाला खणूही देत नाही. ट्राउट लिलीचा कंदही खातात, पण तिला बीपासून पहिलं फूल यायला चार ते सात वर्षं लागतात. एकेकट्या ठिपकेदार पानांची जी दाट वस्ती दिसते, ती अजून फुलायच्या वयात न आलेल्या झाडांची. तिला मी हात लावत नाही.

कोकणात कोनफळ काढतात तेव्हा माथ्याचा तुकडा पुढच्या हंगामासाठी परत मातीत जातो. माणूस खातो आणि वेल टिकतो. स्प्रिंग ब्यूटीत तशी वाटणी करायला जागाच नाही. वर्षातले नऊ-दहा महिने ती म्हणजे तो कंदच. तो शिजवला की ते झाड संपलं, आणि तिच्यावर पोट असलेल्यांचंही काही संपलं. अँड्रेना एरिजेनी ही जमिनीत घर करणारी छोटी मधमाशी आपल्या पिल्लांसाठी जवळजवळ फक्त याच फुलांचे गुलाबी परागकण गोळा करते. तिच्या मागच्या पायांवर तो गुलाबी रंग दिसला की मी खुरपं बाजूला ठेवून बघत बसते. भांडंभर कंद गोळा करून त्याचे फोटो मिरवणारी माणसं मला म्हणूनच आवडत नाहीत. भूक असेल तर गोष्ट वेगळी. इथे कोणी भुकेपोटी खणत नाही.

त्यामुळे माझं बरंचसं काम आता बी गोळा करण्याचं, आणि ते मेमध्ये असतं. फुलं सरली की फळांचे देठ खाली झुकतात, आणि बोंड तडकलं की काळ्या चकचकीत बिया उडून जातात. प्रत्येक बीला स्निग्ध असा पांढरा तुकडा चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बिया वारुळात ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. लागवड अशी त्यांच्या हातून होते. त्यांच्या आधी पोचायचं तर कच्च्या बोंडांवरच मलमलची छोटी पिशवी बांधावी लागते. बी वाळवून डबीत ठेवलं तर रुसतं. मी ते त्याच दिवशी घरामागच्या मेपलखाली पेरते आणि वरून पानांचं खत भुरभुरते. मग उन्हाळ्याची ऊब, त्यानंतर थंडी, असं दोन्ही मिळालं की पुढच्या वसंतात एखादं बारीक पान वर येतं. फूल यायला आणखी काही वर्षं जातात.

घरामागचा दाटी झालेला वाफा मात्र पानं पिवळी पडताना विरळ करायचा असतो. तेव्हा माती हातानं मोकळी करून कंद निवडते. मोठे आणि अगदी लहान लगेच नव्या जागी लावते. मधल्यांतले मूठभर धुऊन, मीठ घालून उकडते, साल चोळून काढते आणि तुपात जिरं व हिरवी मिरची टाकून परतते. दाण्याचं कूट घालत नाही, त्यानं कंदाची स्वतःची गोडी झाकली जाते.