उंचीवरून घेतलेले छायाचित्र

१९४४ साली दोस्त राष्ट्रांच्या टेहळणी विमानांनी आऊशवित्झची छायाचित्रे घेतली. त्यांना हवा होता शेजारचा कारखाना. छळछावणी चित्रफितीवर आपसूक उतरली. १९७९ मध्ये अमेरिकी विश्लेषकांनी ती चित्रे पुन्हा तपासली, तेव्हा कुठे त्यांतील कैद्यांच्या रांगा वाचल्या गेल्या. पस्तीस वर्षे ती माणसे चित्रात होती, वाचक नव्हता. साहित्य शिकवणाऱ्या आम्हांला याहून बोचरा धडा ठाऊक नाही.

४ सप्टेंबर २००३ रोजी इस्रायलची तीन एफ-१५ विमाने त्याच छावणीवरून उडाली. अशा जागी शांतताच शोभते, असा आक्षेप तेथील संग्रहालयाने घेतला. तरीही त्या उड्डाणामागची वेदना आम्ही समजू शकतो. गरज होती तेव्हा आकाशातून कोणी धावून आले नाही. स्मृतीचे हे एक वाचन : आपल्यावर पुन्हा ही वेळ येऊ द्यायची नाही.

त्याच महिन्यात त्याच हवाई दलातील २७ वैमानिकांनी पत्र लिहून पॅलेस्टिनी वस्त्यांवरील हल्ल्यांत भाग घेण्यास नकार दिला. त्यामागे २२ जुलै २००२ची रात्र होती. हमासचे सालाह शहादे यांना मारण्यासाठी गाझाच्या दाट वस्तीत एक टनाचा बॉम्ब टाकला गेला. त्यांच्याखेरीज आणखी १४ जण गेले, त्यांत कित्येक बालके होती. बॉम्ब सोडताना काय वाटते, या प्रश्नावर हवाई दलप्रमुख दान हलुत्झ यांनी उत्तर दिले होते, की पंखाला किंचित धक्का जाणवतो. पत्रकर्त्यांना त्या धक्क्याखालची माणसे दिसू लागली होती. त्यांच्यापैकी योनातान शपिरा २०१० मध्ये गाझाकडे निघालेल्या एका लहान नौकेवर होते. सोबत ज्यूसंहारातून वाचलेले ८२ वर्षांचे एक गृहस्थ. नौदलाने ती अडवली. स्मृतीचे दुसरे वाचन त्या नौकेत होते : ही वेळ कोणावरच येऊ नये.

दोन दुःखे एका तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही. ज्यूसंहाराला दुसरी उपमा लावू नये. प्रश्न वाचनाचा आहे, आणि वाचन बदलू शकते. ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यानंतर सुरू झालेले युद्ध थांबवावे लागले तरी चालेल, पण ओलिसांना सोडवा, असे पत्र एप्रिल २०२५ मध्ये हवाई दलातील सुमारे एक हजार निवृत्त व राखीव सैनिकांनी काढले. युद्ध लांबल्यास निरपराध नागरिकही मरतील, असे त्यात म्हटले होते. स्वाक्षऱ्यांत एक नाव दान हलुत्झ यांचे होते.

जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकात प्रत्येक बळीसाठी स्वतंत्र पान भरले जाते. साठ लाख हा आकडा उंचीवरूनही वाचता येतो. नाव वाचायला मात्र खाली उतरावे लागते. ज्यूसंहाराचे साहित्य शिकवताना हे उतरणे शिकवले नाही, तर आपण विद्यार्थ्यांच्या हाती केवळ तारखा ठेवतो.