क्यूचा दफ्तरखाना : मृत जमीनदारांच्या चौकशीचे कागद

लंडनच्या प्रवाशास क्यू हें नांव ठाऊक असतें तें तेथील वनस्पतिबागेमुळें. काचेचें प्रचंड ताडगृह व 1762 सालीं बांधलेला दहा मजली चिनी मनोरा पाहण्यास जगांतील लोक तेथें लोटतात, व स्टेशनाबाहेर पडतांच बहुतेक सर्व मंडळी बागेची वाट धरतात. आम्ही मात्र विरुद्ध बाजूच्या रस्त्यानें निघालों. दहाएक मिनिटें चालल्यावर थेम्स नदीच्या जवळ, एका लहान तळ्यामागें, काँक्रीटची एक भली मोठी व दर्शनीं मुळींच मनोहर नसलेली इमारत लागते. हाच इंग्लंडचा राष्ट्रीय दफ्तरखाना होय.

येथें ज्ञान फुकट मिळतें, पण शिस्त कडक. आपली ओळख पटवून प्रवेशपत्र घ्यावें, पिशव्या व शाईचे टांक बाहेर कपाटांत ठेवावे आणि केवळ शिसपेन्सिल व कोरा कागद घेऊन आंत जावें. या घरांत 1086 सालचें ‘डूम्सडे’ नांवाचें जमीनमोजणीचें पुस्तक आहे, राजाराजांचे तहनामे आहेत, मोठमोठ्या खटल्यांचीं बाडें आहेत. परंतु आम्हांस ओढ होती ती याहून लहान दिसणाऱ्या कागदांची, किंबहुना कातड्यांची. कारण हे सर्व लेख मेंढीच्या चर्मपत्रावर लॅटिन भाषेंत लिहिलेले आहेत. त्यांस ‘मृत्यूनंतरची चौकशी’ असें नांव आहे. पूर्वीं हीं दफ्तरें लंडनच्या टॉवर किल्ल्यांत पडून होतीं. 1838 सालीं सरकारी दफ्तरखान्याचा कायदा झाला, पुढें तीं चॅन्सरी लेनमधील नव्या इमारतींत आलीं, आणि क्यूची ही इमारत 1977 सालीं उघडल्यावर कालांतरानें येथें स्थिरावलीं.

ही चौकशी कसली, हें समजण्यासाठीं त्या काळच्या जमिनीच्या मालकीचें तत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. नॉर्मन राजांच्या मतें देशांतील सर्व भूमि राजाची. सरदारानें ती राजाकडून धारण करावी व बदल्यांत स्वारीच्या वेळीं घोडेस्वार शिलेदार पुरवावे, असा करार. असा धारक वारला कीं राजाचा व मृताचा संबंध तुटला. नवा संबंध जोडण्यापूर्वीं राजास तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : मृताची जमीन कोणती, ती कोणाकडून व कोणत्या चाकरीवर होती, आणि वारस कोण व त्याचें वय काय. यासाठीं चॅन्सरींतून एक आज्ञापत्र सुटे. ‘त्यानें आपला अंतिम दिवस संपविला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्याचें नांव पडलें. तें त्या परगण्याच्या ‘एस्चीटर’ या अधिकाऱ्याकडे जाई. तो मृताची जमीन तात्पुरती जप्त करी आणि त्या भागांतील बारा किंवा अधिक स्वतंत्र रहिवासी बोलावून त्यांच्याकडून शपथेवर उत्तरें घेई. उत्तरें लिहून पंचांच्या मोहोरा लावल्या कीं कागद आज्ञापत्राशीं जोडून चॅन्सरीकडे परत. साधारण 1236 पासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे चारशें वर्षें, हा क्रम चालला.

त्यांतील एक चर्मपत्र समोर पसरलें कीं वाड्यामागून वाडा व शेतामागून शेत डोळ्यांपुढें उभें राहतें. मुख्य वाडा, त्यामागची बाग, कबुतरखाना, नांगरटीची जमीन इतके एकर, कुरण इतके एकर, गिरणी एक, कुळांची वेठ अमुक दिवस. आणि प्रत्येकापुढें वार्षिक किंमत. वाड्यापुढें पुष्कळदां ‘दुरुस्तीचा खर्च वजा जातां किंमत कांहीं नाहीं’ असा शेरा असतो. नांगरटीच्या एकरास थोडे पेन्स, परंतु गवताच्या कुरणास त्याच्या कितीतरी पट. कारण वाळलें गवत हाच हिवाळ्यांत जनावरांचा आधार. खंडाचे प्रकारहि नाना तऱ्हेचे आढळतात : कोणी उन्हाळ्यांतील सेंट जॉनच्या सणास एक गुलाबाचें फूल द्यावें, कोणी मुलामा दिलेल्या रिकिबी टांचांची जोडी, तर कोणी शेरभर मिरें किंवा जिरें. मिऱ्यांचा हा उल्लेख वाचतांना आम्हांस कौतुक वाटलें. मलबारच्या डोंगरांतला हा माल अरबांच्या गलबतांतून व व्हेनिसच्या पेढ्यांतून फिरत इंग्लंडमधील खेड्याच्या खंडापर्यंत पोंचत होता, व तेथें तो चलनाच्या तोडीचा मानला जात होता.

परंतु हा सर्व हिशेब फुलांसाठीं किंवा मिऱ्यांसाठीं होत नव्हता. खरा प्रश्न वारसाच्या वयाचा असे. पुरुष वारस एकवीस वर्षांचा असला तर ठराविक नजराणा भरून त्यास जमीन मिळे. तो अज्ञान असला तर मात्र राजा त्याचा पालक होई, आणि जमिनीचें उत्पन्न तर घेईच, पण त्याचें लग्न ठरविण्याचा हक्कहि घेई. मृतानें राजाकडून लष्करी चाकरीवर धारण केलेली जमीन एक एकर कां असेना, त्याच्या सर्व जमिनी, इतर सरदारांकडून धरलेल्यासुद्धां, राजाच्या ताब्यांत येत. हे पालकत्व आणि हा विवाहाचा हक्क राजा उघड विके अथवा मर्जीतल्या माणसास बहाल करी. इंग्रजी काव्याचा आद्य पुरुष जो जेफ्री चॉसर, त्यासच 1375 सालीं केंटमधील एडमंड स्टेपलगेट या अज्ञान वारसाचें पालकत्व मिळालें, व त्यांतून त्यास 104 पौंड मिळाले. एखाद्या पोरक्या पोराचें लग्न ही बाजारांतील चीज होती, हें त्या काळच्या समाजास मुळींच खटकत नसे. 1215 सालच्या ‘मॅग्ना कार्टा’ सनदेनें पालकानें जमिनीची नासाडी करूं नये, वारसाचें लग्न हीन ठिकाणीं लावूं नये व विधवेवर पुनर्विवाहाची जबरदस्ती करूं नये, एवढी मर्यादा घातली; परंतु विक्री बंद केली नाहीं.

म्हणूनच वय सिद्ध करण्यास मोठें महत्त्व होतें. चर्चमधील जन्मनोंदी 1538 सालापासून सुरू झाल्या. त्यापूर्वीं जन्मतिथि सांगणार कोण? तेव्हां पालकत्वांतून सुटूं पाहणाऱ्या वारसासाठीं पंच बसत. ते बहुधा बेचाळीस वर्षांवरील असत, म्हणजे वारसाच्या जन्मकाळीं स्वतः जाणते असलेले. ‘तुम्हांस तो दिवस कसा आठवतो?’ असें प्रत्येकास विचारीत. कोणी म्हणे, त्या दिवशीं माझ्या बापास मूठमाती दिली. कोणी म्हणे, मी घोड्यावरून पडून पाय मोडला. कोणाच्या घरीं त्याच आठवड्यांत मुलगा झालेला, तर कोणी बारशाच्या वेळीं चर्चमध्यें मेणबत्ती धरून उभा होता. हे जबाब वाचतांना आम्ही त्या खेड्यांतील सुखदुःखांत रमून गेलों. पुढें एक गोष्ट कळली ती अशी कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं अभ्यासकांनीं हे जबाब एकमेकांशेजारीं मांडून पाहिले, तेव्हां तोच मोडका पाय व तोच बापाचा अंत्यविधि निरनिराळ्या परगण्यांतील निरनिराळ्या वारसांच्या प्रकरणांत शब्दशः आढळला! अर्थात् कारकुनांजवळ जबाबांचा ठराविक नमुना असे. तथापि सर्वच बनावट म्हणतां येत नाहीं. खरे व साचेबंद यांचें मिश्रण ओळखणें हेंच तेथील अभ्यासकांचें कसब.

1349 च्या सुमाराचीं चर्मपत्रें मात्र वाचकास गंभीर करतात. त्या दोन वर्षांत महामारीनें इंग्लंड झोडपलें, आणि चौकशांची संख्या एकाएकीं वाढली. गिरणी आहे, पण दळण आणणारें कोणी नाहीं. जमीन पडीक, कारण कुळें मेलीं. अशा नोंदी पुनःपुन्हा येतात. 1948 सालीं रसेल या अमेरिकन इतिहासकारानें याच कागदांवरून हिशेब करून राजाच्या प्रत्यक्ष जमीनधारकांपैकीं सुमारें शेंकडा सत्तावीस त्या सांथींत वारले असें दाखविलें. उंच वाड्यांत राहून, पोटभर खाऊन ही गत. मग झोंपडींतल्यांची काय कथा!

एका प्रकरणाचे कागद पाहून आमचें समाधान होईना, म्हणून आम्ही त्या कागदांत असलेल्या गांवींच गेलों. सफोक परगण्यांत स्टूर नदीच्या कांठीं क्लेअर नांवाचें टुमदार गांव आहे. तेथील उंच मातीच्या टेकाडावर जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. खालच्या आवारांत 1865 सालीं आगगाडीचें स्टेशन बांधलें, तेंहि 1967 सालीं बंद पडलें, आणि आज तेथें मुलें खेळतात. या गांवाचें नांव लावणारा ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर 24 जून 1314 रोजीं स्कॉटलंडमध्यें बॅनकबर्नच्या लढाईंत पडला. वय तेवीस. इंग्लंड, वेल्स व आयर्लंडमध्यें पसरलेली त्याची मालमत्ता वर्षाला सुमारें सहा हजार पौंडांची. मूल मात्र एकहि हयात नाहीं. तीन सख्ख्या बहिणी वारस : एलिनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ. मुलगे असते तर सर्व थोरल्यास गेलें असतें. मुलींमध्यें मात्र समान वांटणी, असा तेथील कायदा.

तेव्हां विधवा मॉड हिनें आपण गरोदर असल्याचें सांगितलें. मूल जन्मेपर्यंत वांटणी करतां येईना. नऊ महिने झाले, वर्ष झालें, दोन वर्षें उलटलीं. तरी न्यायाधीश वाट पाहत राहिले, व तितका काळ उत्पन्न राजाच्या खजिन्यांत पडत राहिलें. अखेर नोव्हेंबर 1317 मध्यें तीन वांटे झाले. या तीन वर्षांत धाकटी एलिझाबेथ दुप्पट संकटांत सांपडली. विधवा व मोठी वारस, म्हणजे सर्वांच्या डोळ्यांत भरणारी. 1316 च्या आरंभीं थिओबाल्ड डी व्हर्डन यानें तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यांतून नेलें व राजाच्या परवानगीवांचून लग्न लावलें. त्याच उन्हाळ्यांत तो वारला, आणि लगोलग राजानें तिला आपल्या मर्जीतल्या रॉजर डॅमोरी याच्या हातीं दिलें. थोरलीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर हा तर आपल्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधानी राहीना. मेहुण्यांचे वेल्समधील वांटे गिळण्याच्या त्याच्या हांवेनें 1321 सालीं यादवी पेटली. डॅमोरी त्यांत मेला, एलिझाबेथकडून तिचा अस्क हा मुलूख बळजबरीनें बदलून घेतला गेला, आणि 1326 सालीं डिस्पेन्सरहि हेरफर्ड येथें फांशीं गेला.

एलिझाबेथनें पुढें लग्न केलें नाहीं. तिचा मुलूख तिला परत मिळाला, आणि पुष्कळ वर्षें ती याच क्लेअरच्या किल्ल्यांत राहून आपला कारभार स्वतः पाहत होती. 1338 सालीं केंब्रिजच्या एका खंगलेल्या विद्यागृहास तिनें नवें उत्पन्न लावून दिलें; तेंच आजचें क्लेअर कॉलेज. 1360 मध्यें ती वारली, तेव्हां तिच्याहि जमिनींची चौकशी झाली. टेकाडावर उभें राहून खालची नदी पाहतांना आमच्या मनांत आलें कीं, जिला इतरांनीं जमिनीची एक पुरवणी मानलें, तिनें त्याच जमिनीचें विद्यादान करून टाकलें.

पुढें आठव्या हेन्रीनें 1540 सालीं या पालकत्वाच्या धंद्यासाठीं ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ हें स्वतंत्र न्यायालय स्थापिलें. पार्लमेंटनें तें 1646 सालीं मोडलें व 1660 च्या कायद्यानें लष्करी चाकरीची जमीनधारणाच रद्द केली. त्याबरोबर या चौकशाहि संपल्या. नांव मात्र समुद्र ओलांडून आमच्याकडे आलें. अज्ञान जहागीरदारांच्या मिळकती सांभाळण्यासाठीं 1905 सालीं मुंबई इलाख्यांत झालेला कायदा ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ याच नांवाचा होता, आणि आमच्या आजोबांच्या पिढीस तो शब्द घरगुती होता. येथें त्याचा हेतु मिळकत राखण्याचा, तेथें ती पिळण्याचा, एवढा फरक अवश्य ध्यानांत ठेवावा.

राजाचा लोभ नसता तर हे कागदहि नसते. त्यानें विचारलें पैशांसाठीं. उत्तर देणाऱ्यांनीं मात्र नकळत आपलें सारें गांव लिहून दिलें. प्रत्येक चौकशींत त्या बारा पंचांचीं नांवें नोंदलीं आहेत. ते सरदार नव्हते, त्यांच्या समाध्यांवर पुतळे नाहींत, मोहोरांचें मेणहि बहुतेक गळून गेलें आहे. परंतु सातशें वर्षांपूर्वीं एका सकाळीं ते शपथ घेऊन उभे राहिले, एवढें त्या चर्मपत्रानें जपलें आहे. लंडनला जाणाऱ्या वाचकांनीं बाग अवश्य पाहावी. पण एक दिवस या दुसऱ्या रस्त्यासाठींहि राखून ठेवावा.