बिनसाखरेचा चहा

साखर निघाली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पितो. गावात हे सोपं नाही. कुणाच्या ओसरीवर 'साखर नको' म्हटलं, की घरधनी म्हणतो, "आमच्याच घरची कडू लागती व्हय?" लग्नात तर ताटावर हात धरला, तरी वाढपी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो.

घरात निराळंच. मी पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली. तीही एकच, भाकरी झाली तरी पीठच ते, चार खाल्ल्या तर साखर चढणारच. सोबत मेथी, मोडाची मटकी, वर ताक. सूनबाई रुसली. "लोक म्हणतील, सासऱ्याला पोळी करून घालत नाही." तिचंही खोटं नव्हतं. 1972 च्या दुष्काळात रेशनच्या मिलोची लाल भाकरी खाल्लेली आमची पिढी. गव्हाची पोळी म्हणजे बरे दिवस, हे तेव्हापासून मनात बसलेलं. 2023 साल जगानं भरडधान्यांचं म्हणून पाळलं, पण आमच्या आळीत भाकरी अजून गरिबाचीच.

होळीला अक्काकडं गेलो. पुरणपोळी बाजूला सारून कटाची आमटी अन् अर्धी भाकरी मागितली. अक्का काही बोलली नाही. निघताना मात्र पिशवीत चार पोळ्या बांधून दिल्या अन् हळूच म्हणाली, "वाटेत तुला कोण बघतंय?"