पाच वाजता आलेले मजूर

वसईत कॅथलिक घरात जन्म घेतला की धर्मशिक्षण चुकत नाही. रविवारची मिस्सा संपली की मोठी माणसं चर्चच्या पटांगणात गप्पा मारत उभी राहायची आणि आम्हा पोरांना सिस्टर शाळेच्या खोलीत पिटाळायच्या. प्रश्नही पुस्तकात, उत्तरंही पुस्तकातच. आपण एका सुरात म्हणायचं. न अडखळता म्हटलं की संत अंतोनीचं चित्र बक्षीस. व्यभिचाराविरुद्धची आज्ञा आम्ही बाकीच्या नऊंइतक्याच खणखणीत आवाजात म्हणत असू. अर्थ विचारायची पद्धत नव्हती.

त्या पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. शेवटच्या आजारपणात आईला घरची माणसं ओळखू येईनाशी झाली होती, पण रोझरी सुरू केली की प्रत्येक प्रार्थनेचा उरलेला अर्धा भाग ती बिनचूक म्हणायची. घोकलेलं कुठवर मुरतं ते तेव्हा कळलं.

मधली बरीच वर्षं कोरडी गेली. लग्नाआधीच्या शिबिराला बसलो तो दाखल्यापुरता, आणि लक्ष सगळं शेजारच्या खुर्चीकडे. पुढे नोकरी, विरार लोकल, घराचे हप्ते. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, “घरात बसून माझ्या भांड्यांवर लक्ष ठेवण्यापेक्षा गुरुवारी बायबल वर्गाला जा.” गेलो.

हा मोठ्या माणसांचा वर्ग. पहिले काही आठवडे तो बालवर्गाच्या बाकांवर भरायचा. गुडघे छातीशी घेऊन सुवार्ता ऐकणं ही तपश्चर्याच. मग फादरांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणवल्या आणि वर एक गोष्ट सांगितली. इसवी सन ४०० च्या सुमाराला कार्थेजच्या एका डीकनने संत ऑगस्टीनकडे गाऱ्हाणं केलं, की नवख्यांना शिकवताना माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटतं. त्यावर ऑगस्टीनने अख्खं पुस्तकच लिहून धाडलं. त्यात ईश्वराच्या प्रेमाविषयी आहे तसं हेही आहे, की ऐकणारा उभा राहून दमला असेल तर त्याला बसायला द्यावं. इतका व्यवहारी संत मला एकदम आवडून गेला. तो स्वतः मिलानमध्ये तयारी करून, तिशी उलटल्यावर, ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेला. तेव्हा मोठेपणी, समजून उमजून शिकणं हीच रीत होती. पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्रास झाला आणि मोठ्यांची ती टप्प्याटप्प्याची तयारी मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि १९७२ मध्ये तिचा नवा विधी आला. त्याच परिषदेमुळे आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली.

मराठीतही मोठ्या शिकाऊंची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच प्रसंग आहे: गोव्याकडच्या साष्टीतल्या चर्चमध्ये मुलांची शिकवणी आटोपते आणि एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रींना म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशी दुसरी का देत नाही? बोचरा प्रश्न आहे, आणि रास्तही. पोथी काढून घेतलेल्या माणसाने नुसत्या प्रश्नोत्तरांवर किती दिवस काढायचे? उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या आल्या, १६१६ मध्ये छापल्या गेल्या. लिहिणारा जन्माने इंग्रज. मागणारा मात्र आपला, मोठ्या वयाचा विद्यार्थी.

आमच्या वर्गाने ओव्या मागितल्या नाहीत, भांडणं पुष्कळ केली. सगळ्यात मोठं झालं ते मत्तयच्या द्राक्षमळ्यावरून. मळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो, रोज ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. संध्याकाळी पैसे वाटताना पाचवाल्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण रोज देतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांनाही तेवढाच.

आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत, जुने युनियनवाले. ते ताडकन म्हणाले, “फादर, हा सरळ अन्याय आहे. ओव्हरटाइम कुठे गेला?” सोनचाफ्याची वाडी असलेल्या बाईंचा मुद्दा त्याहून धारदार. दरवर्षी मजूर लावणारी बाई ती. “दुसऱ्या दिवशी पहाटे याच्या मळ्यात येणार कोण? सगळे पाचलाच येतील!”

फादर गप्प राहिले. बोलल्या त्या मागे बसणाऱ्या, चार घरची कामं करणाऱ्या मावशी. “पाचपर्यंत नाक्यावर उभं राहणं सोपं वाटतं का तुम्हाला? आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही, असं ते म्हणतायत ना. आणि घरची पोरं काय तासाभराचंच जेवतात?”

कंडक्टरांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. मग फादरांनी जोसेफस काढला. येरुशलेमच्या मंदिराचं काम संपलं तेव्हा १८ हजारांवर कामगार बेकार झाले, असं तो ज्यू इतिहासकार लिहितो. त्या कामावर तासभर राबलेल्यालाही मजुरी लागलीच हातात मिळायची. आता इतक्या लोकांनी खायचं काय, म्हणून शहरात पांढऱ्या दगडाची फरसबंदी काढली गेली.

“म्हणजे रोजगार हमी!” कंडक्टर म्हणाले. “असं आधी सांगायचं ना.” चाफेवाल्या बाई मात्र हटल्या नाहीत. दान द्यायचं तर दान म्हणून द्यावं, मजुरीचा हिशेब बिघडवू नये, हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे, आणि मला ते खोडता आलेलं नाही.

येत्या गुरुवारी उधळ्या मुलाची गोष्ट आहे. बाप जिवंत असताना वाटणी मागणारा धाकटा आणि शेतातून येऊन दाराशीच अडून बसलेला थोरला. वसईत जमिनीचे भाव काय आहेत आणि आमच्यातल्या किती जणांनी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्यात, ते फादरांना चांगलं माहीत आहे. त्यांनी वर्गाची वेळ अर्ध्या तासाने वाढवली आहे. मावशींनी आत्ताच विचारून ठेवलंय, की या घरात मुली नव्हत्या का?