सालादो

तेल्हाऱ्याहून उत्तरेला निघालं की सातपुडा समोर मोठा होत जातो आणि विहिरींचं पाणी गोडं होत जातं. दक्षिणेला पूर्णेकडं उतरावं, तर सगळं उलट. तिथं खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला. माती काळी, खोल, पाहून हेवा वाटावा अशी. पण तिच्या पोटातलं पाणी क्षारांचं. हापशीखालच्या घागरीला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. पिकाला ते पाणी पाजावं तर सोडियम मातीचा कणन्‌कण बिघडवतो. ओली असताना ती चिकटते, वाळली की दगड होते. म्हणून विहीर असूनही शेत कोरडवाहू. वारी हनुमानजवळ वान नदीवर धरण झालं, 84 खेडी योजनेचे नळ आले, तेव्हा कुठं कित्येक गावांच्या जिभेला गोडं पाणी लागलं. त्याआधी "पानी खारं हाय" एवढ्या तीन शब्दांत एखाद्या गावात पोरगी द्यायची की नाही, याचा निकाल लागायचा.

अशा मुलखात बसून स्पॅनिश शिकताना 'सालादो' हे विशेषण भेटलं. 'साल' म्हणजे मीठ, 'सालादो' म्हणजे खारट. व्याकरणानं त्रास दिला नाही. खारा-खारी-खारं म्हणणाऱ्या जिभेला सालादो-सालादा काय जड? फक्त नपुंसकलिंग तिथं नाही, त्यामुळं पाणी स्त्रीलिंगी. तेही गमतीचं: 'एल आगुआ सालादा'. मागं विशेषण बाईचं आणि पुढं उपपद पुरुषाचं, केवळ दोन 'आ' एकमेकांवर आदळू नयेत म्हणून.

अडलो ते पुढं. स्पेनमध्ये माणसाला सालादो म्हटलं तर ती तारीफ असते: हजरजबाबी, गमत्या, ज्याच्या येण्यानं बैठकीला रंग चढतो असा. बाई सालादा म्हणजे ठसकेदार, डौलाची. खाऱ्या पाण्यानं पिढ्या काढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. समुद्र ओलांडून कोलंबियात, मेक्सिकोत गेलं की तोच सालादो करंटा होतो, हात लावील तिथं माती होणारा. तो अर्थ मला लगेच पटला. आमच्या विहिरींनी आधीच शिकवला होता. आणि अर्जेंटिनात, उरुग्वेत वस्तूचा भाव सालादो असतो, म्हणजे खिशाला न परवडणारा.

पण स्पेनच्या अर्थाला हसायचं तरी कोणत्या तोंडानं? आपलं 'लावण्य' लवणातूनच आलेलं आहे. हिंदीतला 'सलोना'ही मिठासकटच. मीठ रोज चिमटीनं घेणाऱ्यांनी त्यातून सौंदर्य काढलं, आणि ज्यांच्या पायाखाली ते भरमसाठ साठलं त्यांनी फक्त कपाळ धरलं, असं म्हणावं का? मला तसं वाटत नाही. खारपाणपट्ट्यातलं लवण बोलण्यात उतरलेलं आहे. वऱ्हाडी माणूस नापिकीची गोष्टही अशी सांगतो की ऐकणारा आधी हसतो आणि घरी गेल्यावर त्याला वाईट वाटतं. पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' ही कादंबरी वऱ्हाडीत वाचताना हेच होतं. प्रमाण मराठीत तोच मजकूर उतरवून पाहा, 'सोसो' होईल. स्पॅनिशमध्ये सोसो म्हणजे अळणी, आणि कंटाळवाणाही.

एका संध्याकाळी पारावर हे चारही अर्थ सांगून टाकले. कापूस वेचून झाला होता, भावाची चर्चा चालली होती, त्यामुळं कुणाला स्पेनचं फारसं अप्रूप नव्हतं. एका म्हाताऱ्यानं मात्र पूर्ण ऐकून घेतलं, तंबाखू मळता मळता हिशेब केला आणि म्हणाला, "मंग आमी तं जल्माचेच सालादो. पयले तीन अर्थ फुकटात भेटले. आता थो अर्जेंटिनाचा तेवढा कापसाले लागू द्या, भाऊ."