हिसकावलं की गिळतं

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच एक तक्रार ठरलेली असते: जमिनीवर पडलेलं काहीही ते तोंडात घालतं. मोजा, चपलेचा बंद, बाटलीचं बूच, पेनाचं टोपण, केसांचा गुंता, कुंडीतली माती, काही म्हणून सुटत नाही. त्यावर घरोघरी उपायही एकच असतो. कुणीतरी ‘अरे सोड, सोड!’ म्हणत धावतं, पिल्लाला धरतं, जबडा उघडून आत बोट घालतं आणि वस्तू बाहेर काढतं. त्या क्षणापुरता प्रश्न सुटतो, म्हणून हा उपाय बरोबर वाटतो. पिल्लांना शिकवण्याच्या कामातून माझं मत मात्र नेमकं उलटं झालं आहे. उचलण्याची सवय मुळात साधी असते. तिला धोकादायक वळण बहुतेक वेळा हिसकावण्यामुळे लागतं. म्हणून पिल्लाला शिकवायला बसण्याआधी माणसानं स्वतःचे हात आवरायला शिकलं पाहिजे.

पिल्लू असं का करतं हे आधी नीट समजून घ्यायला हवं. वस्तू उचलून, दाबून, उलटीपालटी करून पाहायला त्याला हात नाहीत. ते काम तोंडानंच होतं. त्यात दातांची भर पडते. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चावलं की बरं वाटतं. तिसरं कारण फार जुनं आहे. कुत्रा हा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढलेला प्राणी आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की पिष्टमय अन्न पचवायला मदत करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात; म्हणजे आपल्या भात-भाकरीशी त्याचं शरीरच जुळलेलं आहे. आपल्याकडे लाडक्या असलेल्या लॅब्राडॉरची गोष्ट आणखी वेगळी. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव लॅब्राडॉर कुत्र्यांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला, आणि अशा कुत्र्यांचा खाण्याकडे ओढाही जास्त दिसला. तेव्हा खाली पडलेलं उचलणं हा हट्ट नाही, खोडसाळपणा नाही आणि आपल्या वळण लावण्यातली कसूरही नाही. मात्र पिल्लू रोज झपाटल्यासारखं माती, दगड किंवा भिंतीचा गिलावा खात असेल, तर ते शिकवण्याचं काम नव्हे; जंत, रक्तक्षय किंवा पोटाचा विकार आहे का, हे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावं.

आता हिसकावण्यातून पिल्लू काय शिकतं ते पाहू. ज्या वागण्यातून समाधान मिळतं ते पुन्हा घडतं, हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. आजचं सगळं प्राणिशिक्षण त्यावर उभं आहे. पिल्लाच्या बाजूनं हिशेब मांडला, तर शांत बसल्यावर घरातलं कुणी बघत नाही आणि मोजा उचलताच अख्खं घर मागे धावतं. पळापळीचा एवढा छान खेळ दुसरा कुठला? ही झाली सौम्य बाजू. दुसरी बाजू अशी, की माणूस जवळ आला की तोंडातलं जातं, हे ते पाच-सहा वेळांत पक्कं शिकतं. मग त्याच्यापुढे तीन मार्ग उरतात: दिवाणाखाली पळणं, गुरगुरणं किंवा पटकन गिळून टाकणं. गुरगुरलं की मार बसतो, पळालं की कोपऱ्यात गाठलं जातं. गिळणं तेवढं हमखास साधतं. नुसता चघळलेला मोजा धुऊन वाळत घालता येतो, गिळलेला मोजा आतड्यात अडकला की शस्त्रक्रिया करावी लागते. आंब्याची कोय, मक्याचा बुरकुंडा, दोरा ओवलेली सुई यांचंही तसंच. ज्या वस्तू पिल्लानं थोड्या वेळानं आपणहून टाकल्या असत्या, त्या आपल्या धावण्यामुळे त्याच्या पोटात जातात.

म्हणून पहिलं काम जमिनीचं. मराठी घरात जमीन नुसती चालायची जागा नसते. विळीवर भाजी चिरणं, शेंगा सोलणं, लसूण निवडणं, पंगत, मुलांचा अभ्यास, शिवणकाम हे सगळं अजून अनेक घरांत खालीच चालतं आणि त्यातलं काहीबाही खालीच राहतं. कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेट हृदयावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करतं. कपाटातून घरंगळलेली डांबरगोळी, खाली पडलेली तापाची गोळी, उंदराचं औषध, अंगणातली कण्हेर ही तर उघडच विषं. पण विषारी नसलेल्या तुकड्यांचीही किंमत असते. अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणारं बक्षीस सवय सर्वांत चिवट करतं, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी दाखवून दिलं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस कधीतरी लागलेल्या एका छोट्या बक्षिसावर वर्षानुवर्षं तिकिटं घेतो, तसंच पोळीचा एक तुकडा सापडलेलं पिल्लू पुढचे कित्येक दिवस तोच कोपरा हुंगत राहतं. ‘घर कायम लख्ख ठेवणं कुणाला जमतं?’ असं लोक विचारतात. कायम ठेवायचं नाहीच. कायमचे दात येऊन शिकवणी पक्की होईपर्यंतचे काही महिने, तेही सगळं घर नव्हे, तर पिल्लू मोकळं असतं तेवढीच जागा. स्वयंपाकघराच्या दाराला छोटं फाटक लावावं, विळी मांडली की पिल्लाला चावायचं खेळणं देऊन दुसऱ्या खोलीत ठेवावं, केर दिवसातून दोनदा काढावा. एवढं बहुतेक घरांना झेपतं.

दुसरं काम अदलाबदलीचं. सुरुवात पिल्लाला फारशा प्रिय नसलेल्या, निरुपद्रवी वस्तूपासून करावी. ती तोंडात असताना पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा नाकाशी न्यावा आणि थांबावं. ओढू नये, ओरडू नये. जबडा सैल पडला की ‘सोड’ म्हणावं, तुकडा द्यावा आणि मग वस्तू त्याला परत द्यावी. हे परत देणं लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि साऱ्या पद्धतीचा कणा तोच आहे. सोडलेली वस्तू बहुतेक वेळा परत मिळते आणि वर खाऊही मिळतो, असं ठरलं की माणसाच्या येण्यात तोटा उरत नाही. काही आठवड्यांत पिल्लू सापडलेली चीज घेऊन पळण्याऐवजी ती आपल्याकडे आणू लागतं. मग कधीतरी खरोखरच परत न देण्यासारखी वस्तू काढून घेतली, तरी विश्वास ढळत नाही.

तिसरं काम न उचलण्याचं. खाऊ मुठीत धरावा. पिल्लू चाटेल, पंजा मारेल, कुरतडेल. मूठ उघडू नये. ते क्षणभर मागे सरलं की दुसऱ्या हातातला वेगळा तुकडा द्यावा. मुठीतला तुकडा कधीच द्यायचा नाही, कारण शिकवायचं ते हेच, की समोरचं सोडलं की माणसाकडून अधिक चांगलं मिळतं. मुठीनंतर उघडा तळवा, मग पायाखाली झाकलेला तुकडा, मग उघडा तुकडा आणि शेवटी पट्टा लावून त्याच्या बाजूनं चालणं. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत, आणि खाऊ रोजच्या जेवणातूनच वळता करावा. एका जागी शिकलेलं कुत्रं दुसऱ्या जागी आपोआप लावत नाही, म्हणून बैठकीत पक्कं झालेलं जिन्यात, फाटकाशी आणि रस्त्यावर पुन्हा शिकवावं लागतं. चिकनच्या दुकानासमोरची हाडं आणि वडापावच्या गाडीखालचे तुकडे ही शेवटची परीक्षा. पहिल्या महिन्यात पिल्लाला त्या वाटेनं नेऊच नये. तरीही रस्त्यावरचं खाणं सुटत नसेल, तर श्वास घेता येईल, पाणी पिता येईल अशी जाळीची मुसकी हळूहळू अंगवळणी पाडावी. ती शिक्षा नाही, शिकेपर्यंतचं संरक्षण आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की ही लाच झाली. हातात खाऊ नसेल तेव्हा कुत्रं ऐकणार नाही. खाऊ आधी दाखवून काम करून घेतलं तर ती लाच ठरेल. अगदी सुरुवातीचे काही दिवस तसं करावं लागतं, हे खरं. पण पुढे शब्द आधी, कृती नंतर आणि बक्षीस सर्वांत शेवटी असा क्रम लागतो, आणि बक्षीस प्रत्येक वेळी न देता मधूनमधून दिलं की ज्या अनिश्चिततेनं जमिनीचा मोह वाढवला होता तीच आपल्या बाजूनं काम करते. दुसरा आक्षेप अनुभवाचा म्हणून सांगितला जातो: पूर्वी एक चापट पुरायची. चापटीनं वागणं थांबलेलं दिसतं, यात खोटं काही नाही. पण पिल्लू शिकतं ते माणसासमोर न उचलणं. पाठ वळली की पुन्हा सुरू, आणि माणूस दिसताच गिळणं आणखी जलद. 2021 साली ‘अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर’ या पशुवैद्यांच्या संघटनेनं कुत्र्यांना केवळ बक्षिसाच्या पद्धतीनं शिकवावं अशी स्पष्ट भूमिका घेतली, त्यामागेही भीती आणि आक्रमकता वाढण्याची हीच काळजी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: तोंडात ब्लेड किंवा उंदराचं औषध असेल तर पनीर शोधत बसायचं का? नाही. तिथे अदलाबदल एका क्षणात जमली नाही, तर जबडा उघडून काढावंच लागतं. ज्या घरात रोज हिसकावलं जात नाही, तिथे असा एखादा प्रसंग पिल्लू विसरतं. वस्तू गिळली गेलीच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नये. त्या मिठानंच विषबाधा होऊ शकते, आणि टोकदार किंवा जळजळीत पदार्थ वर येताना दुसऱ्यांदा इजा करतो. वेष्टन सोबत घेऊन ताबडतोब पशुवैद्याकडे जावं. उंदराच्या काही औषधांनी होणारा रक्तस्राव दोन-चार दिवसांनी दिसू लागतो, म्हणून ‘आता तर छान खेळतंय’ या भरवशावर थांबू नये.

पिल्लू आणायचं ठरलं असेल, तर ते येण्याआधीच घरातल्या सगळ्यांनी, लहान मुलांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा, एक गोष्ट ठरवून घ्यावी: त्याच्या तोंडातलं कुणी ओढायचं नाही, बदल्यात काहीतरी द्यायचं. पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एवढं पाळलं, तर ते गिळण्याची घाई शिकणार नाही.