पाट आणि विळी

पुणे, गुरुवार

ती. ताईस,


तू मुद्दाम उशाशी ठेवून गेलेली कादंबरी दोन रात्रींत संपवली. जे. एल. कार यांची ‘अ मंथ इन द कंट्री’, १९८० सालची, जेमतेम शंभरेक पानांची. घटस्फोटाचे कागद हाती आल्यापासून तू गुहागरकडे जागा बघतेस, मी नको म्हणते. म्हणून ही वकिली ना?

तुझा टॉम बर्किन मला आवडला. महायुद्धातून परतलेला, चेहरा मधूनच थडथड उडतो, बायको सोडून गेलेली. १९२०च्या उन्हाळ्यात, भर पावसात यॉर्कशायरमधल्या ऑक्सगॉडबीला उतरतो. काम काय, तर चर्चच्या भिंतीवर चुन्याखाली गेलेलं मध्ययुगीन चित्र उघडं करायचं. भाडं परवडत नाही म्हणून घंटेच्या मनोऱ्यातच पथारी.

गाव त्याला खोदून काही विचारत नाही. स्टेशनमास्तरांची मुलगी ग्रामोफोन घेऊन येते, रविवारी घरी जेवायला बोलावणं होतं, आणि बघता बघता तो संडे स्कूलच्या पोरांपुढे उभा! आपल्या आजोळी नाही का, पहिल्या दिवशी बसायला पाट, तिसऱ्या दिवशी हातात विळी? विळी आली की समजायचं, आपण घरचे झालो.

पण ताई, तो बरा होतो तो शिवार बघून नव्हे. परांचीवर उभं राहून, बोटभर बोटभर चुना काढत बरा होतो. शिवाय तो तिथे राहत नाही. तिथल्या पाद्र्याच्या बायकोवर जीव जडतो, हात पुढे करायची वेळ येते, तो करत नाही. उन्हाळा सरतो, तो निघून जातो आणि म्हातारपणी ते दिवस आठवत बसतो. आणि लेखकाचं बघ: कार यांनी १९६७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, हेडमास्तरकी सोडून छोटी पुस्तकं नि नकाशे छापायला घेतले; पण केटरिंग गाव काही सोडलं नाही.

माझ्या ‘नको’त स्वार्थही आहे. तू गेलीस की संध्याकाळी टेकडीवर मी एकटीच.

तरी जा. जागा मात्र घेऊ नकोस. एक पावसाळा भाड्याने राहा. तीस वर्षं बँकेत काढलीस. एखाद्या बचत गटाच्या वह्या मागून घे. कुणी तुझ्याकडे हक्काने काम घेऊन आलं, की मग सातबारा बघू.

श्रावणात मी येते. मला पाट मांडू नकोस, विळीच दे.

तुझी,
धाकटी